झऱ्याला आवतण

राधा वरठाशी माझी पहिली गाठ शेवळांवरून पडली. साल १९८३, जूनचा पहिला आठवडा. बोरिवली पूर्वेला भाजीवाल्यांची रांग जिथे संपायची तिथे ती जमिनीवर पळसाची पानं पसरून बसलेली होती. समोर शेवळांच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावर उगवणाऱ्या रानभाजीच्या, जुड्या. मी एक जुडी उचलली आणि निघाले, तर मागून आवाज आला, "ए बाय, काकडं घेतल्याबिगर जाऊ नको. घशाला खाज सुटली का माझ्या नावानं बोंबलशील."

मी म्हटलं, "चिंच घालीन."

"चिंच घाल नायतर दही घाल. शेवळाला काकडंच लागतात. त्यांचं आपसात ठरलेलं हाय." तिने मूठभर हिरवी, आंबट काकडं माझ्या पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तेव्हा तिचं वय पन्नाशीच्या आतबाहेर असेल. नक्की तिलाही माहीत नव्हतं. काळी, काटक, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत थेट बघायची सवय. ती नॅशनल पार्कच्या कडेला असलेल्या आंबोळपाड्यात राहायची. तीस-पस्तीस वारल्यांची घरं. नवरा दहिसरच्या बाजूला खडी फोडायला जायचा, मुलगा कुंडलिक एका औषधाच्या कारखान्यात बदलीवर होता. आणि राधा पाड्याची धवलेरी होती, म्हणजे लग्न लावणारी बाई. वारल्यांत लग्न भटजी लावत नाही. धवलेरी गाते आणि तिच्या गाण्याने लग्न लागतं. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. मला ती फक्त भाजीवाली वाटली.

मी उत्तर उपनगर काव्यमंडळाच्या वाचनालयात काम करत होते. नाव ग्रंथपाल, काम पुस्तकं देणं-घेणं, झाडलोट आणि शनिवारच्या बैठकीला चहा. एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या आणि पुढे सिमेंटचा कट्टा. मंडळात बँकेतले, शाळेतले, कचेऱ्यांतले लोक. सगळे कविता करायचे. अध्यक्ष विद्याधर सबनीस, निवृत्त मुख्याध्यापक. तीन संग्रह नावावर, आवाज भारदस्त. मनाने वाईट नव्हते. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी आम्हाला दोन महिने रोज डबा पाठवला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यातून त्यांचं चित्र काळंच उमटेल आणि ते खरं नाही.

शनिवारी माल संपला की राधा आमच्या कट्ट्यावर टेकायची. पाड्यापर्यंत तास-सव्वातास चढ होता, ऊन उतरल्यावर ती निघे. आत कविता चालायच्या, बाहेर ती तंबाखू मळत बसायची. ऑगस्टमधल्या एका शनिवारी सबनीस सर त्यांची नवी कविता वाचत होते. मुकं अरण्य, त्यात श्रावणात पेटलेला पळस, असं काहीतरी. सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात बाहेरून हसण्याचा आवाज आला. दाबलेलं नाही, मोकळं हसू.

सर थांबले. "कोण आहे?"

मी दाराशी गेले. राधा लुगड्याच्या पदराने डोळे पुसत होती. "त्याला सांग," ती म्हणाली, "पळस शिमग्याला फुलतो. श्रावणात त्याला नुसती पानं. आनि रान कधी गप बसतं? ह्यो कधी गेला का रानात?"

ते आत सगळ्यांना ऐकू गेलं. कोणीतरी खोकलं. सर मात्र उठून दारात आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आत या. तुम्हाला रान कसं बोलतं ते येत असेल तर ऐकवा आम्हाला."

त्यांना वाटलं ती लाजेल. ती आत आली, भिंतीला पाठ लावून बसली आणि तिने कणसरीचं एक गाणं म्हटलं. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. आवाज गोड नव्हता. वरच्या पट्टीत घासत जाणारा होता. पण तो खोलीत उभा राहिला. गाणं संपल्यावर कुणालाच टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. सबनीस सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "हे छापलं पाहिजे."

अशी पुस्तकाची सुरुवात झाली. मी गाणी उतरवून घ्यायची, सरांनी संपादन करायचं. मंडळाने मला एक टेपरेकॉर्डर दिला. पण पहिल्याच दिवशी अडचण आली. मी म्हटलं, "राधाबाई, लग्नाचं गाणं म्हणा." तिने विचारलं, "लगीन कोनाचं हाय?"

"कोणाचं नाही. उतरवून घ्यायचंय."

"मग कशी म्हनू? उगाच लावलेलं लगीन अंगावर येतं. मला नाय जमायचं. तुला पायजे त पाड्यात ये, कोनाचं तरी लागलं म्हंजे."

मग मी पाड्यात जाऊ लागले. दीड वर्षात अकरा लग्नांना गेले. कुडाच्या घरांच्या भिंती तांदळाच्या पिठाने चितारलेल्या असत, त्यावर काढलेल्या चौकात पालघट ही लग्नाची देवी बसवलेली असे. राधा चौकासमोर बसायची, सोबत दोन बायका मागे गायला. सकाळी हळद लागायच्या आधी आवतणाचं गाणं असे. तेच सगळ्यात लांब. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टेपची एक बाजू संपली तरी ते चालूच होतं.

त्या गाण्यात ती लग्नाला बोलावणी करायची. माणसांना नाही, सगळ्या मुलखाला. समुद्राच्या तोंडापासून सुरू करून, खाडी, खाजण, ओढे, टेकड्या, एकेक मोठं झाड, एकेक दगड, वर तळ्यापर्यंत.

ये रं ये, उंबराच्या झऱ्या, लगनाला ये,
तुझ्या पान्याबिगर हलद भिजं नाय.
ये गं ये, कारवीच्या टेकडी, लगनाला ये,
तुझ्या सावलीबिगर मांडव उभा ऱ्हाय नाय.

अशी दोनशे चौदा नावं. मी मोजली. एकही नाव गाळून चालत नाही, गाळलेला पाहुणा रुसतो आणि संसारात विघ्न येतं. एकदा मी तिला विचारलं, "उंबराचा झरा कुठे आहे? मला बघायचाय."

ती मला घेऊन खाली उतरली आणि आमच्याच वाचनालयाच्या मागच्या रस्त्यावर, नवकिरण सोसायटीच्या फाटकापाशी उभी राहिली. चार मजली इमारती, पार्किंगमध्ये स्कूटरी. "ह्यो."

"इथे झरा नाही, राधाबाई. इथे सोसायटी आहे."

"सोसायटी वर हाय. झरा खाली हाय. तो कुठं जानार? त्याला बोलावलं नाय तर रुसंल." ती फाटकाकडे बघत होती. "माझ्या सासूनं इथं पानी भरलंय. मी पन भरलंय, नवी नवरी व्हते तवा."

मी याच गावात जन्मले, याच रस्त्याने शाळेत गेले. माझ्या आईवडिलांच्या तोंडी बोरिवलीचं वर्णन एकच, "पूर्वी इथे काही नव्हतं." त्या दिवशी ते वाक्य माझ्या मनातून गेलं ते कायमचं.

१९८४ च्या नोव्हेंबरात पाड्याला सरकारी नोटीस आली. घरं अतिक्रमण आहेत, पुरावा असेल तर सुनावणीला आणावा, नाहीतर जागा मोकळी करावी. पाड्यात वाचता येणारा कुंडलिक एकटा. त्याने नोटीस वाचून दाखवली तेव्हा मी तिथे होते. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला त्यातलं काही कळत असेल. राधा म्हणाली, "अतिक्रमन म्हंजे?"

कुंडलिक म्हणाला, "दुसऱ्याच्या जागेत घुसनं."

तिने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "आमी कोनाच्या जागेत घुसलो त्याचं नाव लिवलंय का कागदात?"

नाव लिहिलेलं नव्हतं.

जानेवारीत पुस्तकाची मुद्रितं आली. सर खुशीत होते. फेब्रुवारीत शाळेच्या सभागृहात प्रकाशन ठरलं होतं, पत्रिका छापल्या होत्या. नाव 'रानफुलांची ओंजळ'. मुखपृष्ठावर 'शब्दांकन : विद्याधर सबनीस'. आत, चौथ्या पानावर, आभारात, राधाचं नाव होतं. माझंही होतं, तिच्या वर.

मी मुद्रितं घेऊन पाड्यात गेले. राधा अंगणात नाचणी पाखडत होती. म्हणाली, "वाच." मी वाचू लागले. भाषा शुद्ध केलेली होती. ते काम थोडं मीच केलं होतं. 'नाय'चं 'नाही', 'पानी'चं 'पाणी' मी माझ्या हाताने लिहिलं होतं आणि तेव्हा मला ते सहज वाटलं होतं. आवतणाच्या गाण्याशी आले आणि ते लगेच संपलं. दोनशे चौदा नावांतली सात उरली होती. समुद्र, खाडी, डोंगर, नदी, तळं, वड आणि वाघ. एवढं मोठं गाणं एका पानात मावलं होतं.

"थांबलीस का?"

"संपलं."

तिने सूप खाली ठेवलं. "बाकीचे पावने कुठं गेले?"

"सरांनी काढले. वाचणाऱ्याला कंटाळा येईल म्हणाले."

"आनि मी कुठं हाय?"

मी आभाराचं पान दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं, जिथे मी दाखवलं तिथे. मग बोट उचलून म्हणाली, "ह्ये लगीन माझं नाय. छापू नको म्हनावं."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः वाचनालयात आली. बैठकीचा दिवस नव्हता, सर पत्रिकांवर पत्ते लिहीत बसले होते. तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच.

"सर, तुझी वही थांबव."

सरांना आधी कळेना. कळल्यावर ते खुर्चीतून उठले. "बाई, तुमच्या पाड्यावर नोटीस आली आहे ना? मग ऐका. हे पुस्तक निघालं की वर्तमानपत्रात तुमचं नाव येईल. मोठी माणसं विचारतील. सरकारलाही हात लावताना दहादा विचार करावा लागेल. मी हे तुमच्यासाठीच करतोय."

"सरकार इचारतं, कधीपासून ऱ्हाता. मी काय सांगनार? माझ्याकडं कागद नाय. माझ्याकडं ती नावं हायेत. झऱ्याला उंबराचा कोनी म्हटलं? आमी. टेकडीला कारवीची कोनी म्हटलं? आमी. तीच तू पुसलीस. आता मी काय दाखवू, तुझं नाव?"

"कवितेत एवढी नावं बसत नाहीत, बाई. ती यादी होते."

"मग ती तुझी कविता हाय. माझं आवतन नाय."

सर मला म्हणाले, "कुंदाताई, तुम्ही समजवा यांना." मी म्हणाले, "सर, त्यांचं बरोबर आहे." मला माझाच आवाज परका वाटला. सरांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि पत्रिका गोळा केल्या. ते म्हणाले, "कार्यक्रम होणार."

कार्यक्रम झाला. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, सकाळी दहा. सभागृह भरलेलं, अडीचशे तरी माणसं. व्यासपीठावर सर, एक पाहुणे समीक्षक, आणि रेशमी रुमालात बांधलेल्या पुस्तकाच्या प्रती. समीक्षक बोलायला उठले. म्हणाले, "ज्या उपनगराला काल-परवापर्यंत ना इतिहास होता ना भूगोल, त्याला आज या पुस्तकाने मुळं दिली आहेत."

मागचं दार उघडलं. राधा आली, तिच्यामागे पाड्याच्या सोळा बायका, कुंडलिक आणि त्याची बायको विमला. कोणाच्या हातात फलक नाही, घोषणा नाहीत. त्या मधल्या वाटेने पुढे आल्या आणि व्यासपीठासमोरच्या मोकळ्या जागेत खाली बसल्या. राधाने माइककडे पाहिलंही नाही. लग्न नसताना कधीही न गायलेलं आवतणाचं गाणं तिने तिथे सुरू केलं.

समीक्षक थोडं हसले, त्यांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. दहा मिनिटांनी त्यांनी घड्याळ पाहिलं. मंडळाचा एक कार्यकर्ता तिच्याजवळ जाऊन वाकून म्हणाला, "बाई, आटपा आता." ती गातच राहिली. तिच्यामागच्या बायकांनी आवाज वाढवला. काही लोक उठून गेले. बहुतेक बसून राहिले, आधी भिडेखातर, मग कान देऊन, कारण नावं हळूहळू त्यांच्या दाराशी येत होती. खाजणं संपली, रस्त्याच्या पलीकडचा ओढा आला, जिथे आता पेट्रोल पंप होता ते चिंचेचं बन आलं. आणि मग उंबराचा झरा आला. तिथे ती नवकिरणच्या दिशेने हात करून गायली.

सातव्या रांगेतून मधुकर कोरगावकर उभे राहिले. नवकिरण सोसायटीचे सेक्रेटरी, तोलूनमापून बोलणारा माणूस. कवितेशी त्यांचा संबंध नव्हता, बायकोबरोबर आले होते. ते म्हणाले, "एक मिनिट. आमच्या पंपरूमच्या खड्ड्यात मे महिन्यातसुद्धा पाणी असतं. तीन वर्षं झाली, चार प्लंबर झाले, गळती सापडत नाही. बाई, तो झरा आमच्या बी बिल्डिंगखाली आहे का?"

राधाने गाणं न तोडता होकारार्थी मान हलवली.

सभागृहात हसू फुटलं, पण ते तिच्यावर नव्हतं. कोरगावकर खाली बसले नाहीत. गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे होते. सगळं गाणं मोजून पन्नास मिनिटांचं झालं. शेवटचं नाव झाल्यावर राधा उठली आणि सरांना म्हणाली, "आता उघड तुझा रुमाल. यातलं जे त्यात नाय ते सगळ्यांनी ऐकलंय."

सरांनी रुमाल सोडला नाही. त्यांनी प्रती तशाच उचलल्या आणि आतल्या खोलीत गेले. पुस्तक विक्रीला कधीच आलं नाही. पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या कट्ट्याला लोखंडी जाळी बसली, कुलपासकट. मी राजीनामा दिला. दोन वर्षांनी सरांनी एका दिवाळी अंकात मौखिक परंपरेवर लेख लिहिला. चांगला लेख होता. त्यात राधाचं नाव नव्हतं, 'एक आदिवासी गायिका' होती.

मी, कुंडलिक आणि कोरगावकर यांनी मिळून त्या कार्यक्रमानंतर लगेच, मार्चमध्ये, ते गाणं सायक्लोस्टाइल केलं. चाळीस पानं, तिच्या बोलीत, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नावांसह, आणि प्रत्येक नावापुढे आज तिथे काय आहे ते. नकाशा कोरगावकरांनी काढला, ते नगररचनेच्या एका खाजगी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. वर लिहिलं, 'राधा वरठा, धवलेरी, आंबोळपाडा'. छापलेलं नाव राधाने बोटाने चाचपलं आणि विचारलं, "ह्यात माझं कोनतं अक्षर?" मी म्हटलं, "सगळीच." ती म्हणाली, "बरं हाय."

सुनावणीला ती तीच वही घेऊन गेली. अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने पानं चाळली आणि म्हणाला, "बाई, हे गाणं आहे. मला रेशनकार्ड, घरपट्टी, सातबारा, असं काही दाखवा."

"माझी दोन पोरं तान्ही गेली. घराच्या पडवीत पुरलीत. ती दाखवू?"

त्याने मान खाली घातली. वही मिटून म्हणाला, "मला 'पुरावा नाही' असंच लिहावं लागेल."

"लिव. पन त्याखाली लिव का बाई हजर व्हती, आनि तिनं सगळी नावं सांगितली. लिवल्याबिगर मी उठनार नाय."

ती तिथेच फरशीवर बसली. चार माणसांच्या सुनावण्या तिच्या डोक्यावरून झाल्या. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी त्याने ते वाक्य लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि वही दप्तराला जोडली. राधाने अंगठा दिला.

मे महिन्यात बुलडोझर आला. वरच्या अंगाची तेरा घरं पडली, त्यात राधाचं होतं. खालची घरं वाचली, कारण नवकिरणमधली तीस-चाळीस माणसं कोरगावकरांबरोबर तिथे येऊन उभी राहिली आणि मशीन चालवणाऱ्याने इंजिन बंद केलं. मला तेरा घरांचं अजून वाईट वाटतं. आम्ही खालच्या वाटेने आलो होतो. वर पोचायला आम्हाला उशीर झाला.

राधा रडली नाही असं मी म्हणणार नाही. रडली, आणि शिव्याही दिल्या, मला, कोरगावकरांना, कुंडलिकला, सगळ्यांना. मग तिसऱ्या दिवशी कारवीच्या काठ्या तोडून आणल्या आणि त्याच जागी, पडवीची रेघ हलू न देता, कूड उभा केला. पावसाळ्यानंतर तो पुन्हा पाडला. दिवाळीच्या आत तिने पुन्हा उभा केला. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही. वकील मिळाला, कोर्टात अर्ज गेला, स्थगिती आली. कुंडलिकचा कारखाना मधेच बंद पडला, तो पाड्याच्या कागदांच्या मागे लागला आणि त्यातच राहिला.

त्या अर्जाला सुनावणीचं दप्तर जोडलं होतं. वकिलाने मला सांगितलं, "त्यात एक गमतीशीर नोंद आहे. असं वाक्य मी कुठल्या सरकारी कागदात पाहिलं नव्हतं." त्याने ते कोर्टात वाचलं. त्याचा किती उपयोग झाला ते मला सांगता येणार नाही. खटला मी हे लिहीत असताना, १९८९ साली, चालूच आहे.

मधे एका संस्थेने तिला लोककलावंत म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. त्यांची अट एवढीच होती, की मंचावर आवतणाचं गाणं पाच मिनिटांत बसवावं. तिने निरोप पाठवला की तिला पाच मिनिटांचं येत नाही. गेली नाही.

आता तिचा आवाज चिरकतो. गेल्या वर्षापासून विमला तिच्या शेजारी गायला बसते. विमला नालासोपाऱ्याकडची, तिकडची नावं वेगळी, म्हणून तिला सगळं मुळापासून पाठ करावं लागलं. सासू चुकीला माफी देत नाही. कुठे एखादं नाव निसटलं की सगळ्यांसमोर थांबवते आणि पुन्हा समुद्रापासून सुरू करायला लावते. विमला एकदा मला वैतागून म्हणाली, "कुंदाताई, घरात बोलनी खाते, मांडवात पन बोलनी खाते." पण सोडलं नाही तिने.

यंदाच्या वैशाखात पाड्यात पाच लग्नं झाली. तीन राधाने लावली, दोन विमलाने.